इस्त्रीवाल्या काकांचा फोटो आणि नानांची फळी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: तुम्ही पुण्यात, वय 29, सॉफ्टवेअरची नोकरी. सोसायटीच्या गेटशेजारी सत्तरी ओलांडलेले इस्त्रीवाले काका सकाळी साडेसहाला टपरीत कोळसा पेटवतात आणि तुम्ही रात्री आठला परत येता तेव्हाही तिथेच उभे असतात. गाडी काढताना ते दिसले की तुम्हाला उभारी येते, आज आपणही झडझडून काम करायचं असं ठरतं, आणि दुपारच्या डब्यापर्यंत ते सगळं विरून जातं. त्यांचा फोटो काढून तुम्ही लॅपटॉपच्या पडद्यावर लावलात. आठवडाभर बरं गेलं, मग रोज समोर असूनही तो फोटो दिसेनासा झाला. आता विचारताय, ही प्रेरणा रोज टिकवायची कशी.

मी उत्तर कुठून देतोय ते आधी सांगतो. सरकारी आयटीआयमध्ये 31 वर्षं फिटर ट्रेडचा निदेशक होतो, कोल्हापूर भागात. म्हणजे दहावी झालेल्या पोरांच्या हातात कानस, म्हणजे लोखंड घासायची खरखरीत पट्टी, द्यायची आणि लोखंडाचा ठोकळा सपाट करायला लावायचा. कोर्स दोन वर्षांचा, आणि सुरुवातीचे कित्येक आठवडे घासणे एके घासणे. त्यामुळे ‘सर, मन लागत नाही’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब नाही. मानसशास्त्र शिकलेलो नाही. पण प्रेरणा आलेली पोरं आणि प्रेरणा उतरलेली पोरं, दोन्ही भरपूर पाहिली आहेत, आणि कामाला लागलेली पोरं बहुतेक वेळा तिसरीच असायची.

तुमच्या प्रश्नात ‘प्रेरणा’ एकदा आलीय आणि ‘लाज’ तीनदा. ‘त्यांना बघून स्वतःची लाज वाटते’, असं तुम्हीच लिहिलंय. माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. गाडीवर हेल्मेट घालून, मिनिटभर, लांबून एक म्हातारा माणूस तुम्हाला दिसतो. त्या मिनिटात त्यांचं काम दिसत नाही, त्यांचं वय दिसतं. वय बघून लाज वाटते, आणि लाजेवर माणूस दोन तास जोरात पळतो. पुढे दम लागतो. यात तुमच्या चिकाटीचा दोष नाही. इंधनच तेवढं होतं.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या पुढे जाण्याआधी बोलून घेऊ.

पहिली म्हणजे, काका काम का करतात हे तुम्हाला माहीत आहे का? प्रश्नात तसा कुठे उल्लेख नाही. आपल्याकडे सत्तरीत उभ्याने काम करणारी बरीच माणसं दुसरा इलाज नाही म्हणून करतात. ईपीएस-95, म्हणजे पीएफवाल्यांची पेन्शन योजना, तिची किमान पेन्शन 2014 साली महिना 1,000 रुपये ठरली, आणि ती मिळायलासुद्धा आधी पीएफ कापणारी नोकरी असावी लागते. टपरीवाल्याला ती कुठली? गरजू म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी श्रावणबाळ योजनेची महिन्याची रक्कम 2023 मध्ये 1,000 वरून 1,500 झाली, तीही 65 च्या पुढच्या गरजूंना आणि कागदपत्रं जुळली तर. पुण्यात दीड हजारात महिन्याचा गॅस, दूध आणि बीपीच्या गोळ्या भागवून दाखवा. बारामतीच्या लता करे आठवतात? साठी उलटलेली बाई, नऊवारी लुगडं नेसून, अनवाणी मॅरेथॉन पळाली आणि आपल्या गटात पहिली आली. सगळ्या महाराष्ट्राने टाळ्या वाजवल्या. ती पळाली होती नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून. त्या बाईचं धैर्य खरंच, पण ते बघून आपल्याला आधी आठवली ती स्वतःची सकाळची न होणारी धावणी, तिच्या नवऱ्याची तपासणी नव्हे. हे मी स्वतःबद्दलही बोलतोय.

म्हणून काकांच्या नाइलाजातून तुम्ही उत्साह काढत असाल तर तो टिकणार नाही, आणि टिकला तरी मला तो बरा वाटणार नाही. अर्थात बऱ्याच जणांच्या बाबतीत गरज आणि गोडी यांची सरमिसळ असते, पाऊण आणि पाव, कधी उलटं. ते विचारल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्याकडची. रोज सकाळी उठतानाच थकवा असेल, झोप लागत नसेल, पूर्वी आवडायच्या त्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील आणि हे चार-सहा आठवडे चाललं असेल, तर हा प्रश्न प्रेरणेचा नाही. डॉक्टरांकडे जा, रक्त तपासून घ्या, किंवा मनाच्या आरोग्यासाठी सरकारची टेली मानस फोनसेवा आहे, 14416, तिथे बोला. माझ्या एका विद्यार्थ्याला मी वर्षभर ‘आळशी’ म्हणत होतो, त्याचं हिमोग्लोबिन सात निघालं. ती गोष्ट अजून टोचते.

हे दोन्ही बाजूला ठेवून, म्हणजे तब्येत ठीक आहे आणि काकांबद्दलचा आदर खरा आहे असं धरून, पुढचं सांगतो. त्यासाठी नानांची ओळख करून द्यावी लागेल.

1996 साली आमच्या वर्कशॉपमधल्या एका जुन्या लेथचा, म्हणजे लोखंड फिरवत कापणाऱ्या यंत्राचा, बेड (खालचा लांब, सपाट पाया) झिजला होता. जॉबला, म्हणजे कापायच्या तुकड्याला, टेपर यायचा, एका टोकाला माप बरोबर आणि दुसऱ्या टोकाला जास्त. नवीन लेथसाठी निधी नव्हता. उद्यमनगरातल्या, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वस्तीतल्या, एकाने सांगितलं, स्क्रेपिंग करणारा एक मिस्त्री आहे, म्हातारा आहे पण हात आहे. तेव्हा नाना 68 वर्षांचे होते. पाच फुटांच्या आतबाहेर उंची, खाकी अर्धी चड्डी, पांढरी टोपी, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत चार-पाच स्क्रेपर, सगळे जुन्या कानशींना धार लावून स्वतः बनवलेले.

स्क्रेपिंग म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक अगदी सपाट लोखंडी पट्टी, स्ट्रेट एज, घ्यायची, तिला निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा आणि ती लेथच्या बेडवर हलकेच घासायची. बेडवर जिथे उंचवटा असेल तिथेच निळा ठिपका उठतो. तेवढाच ठिपका स्क्रेपरने खरवडायचा. पुसायचं, पुन्हा निळं, पुन्हा घासायचं, पुन्हा ठिपके. एका फेऱ्यात दोन-चार मायक्रॉन धातू निघतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज करा. पहिल्या दिवशी हाताएवढ्या जागेत दोन-तीन मोठे डाग दिसतात. फेऱ्यामागून फेरे झाले की डाग फुटून लहान होतात, पसरतात, आणि एका चौरस इंचात दहा-बारा ठिपके सारखे उठायला लागले की ती जागा झाली म्हणायची. मग पुढची. बेड पाच फुटांचा होता.

मी पोरांना रांगेने नेऊन दाखवायचो. ‘बघा, अडुसष्ट वर्षांचा माणूस बारा बारा तास काम करतोय, आणि तुम्हाला एक ठोकळा होत नाही.’ पोरं मान खाली घालायची. लाज वाटायची त्यांना, तुम्हाला वाटते तशीच. आणि दुसऱ्या दिवशी ठोकळे तितकेच वाकडे.

एका दुपारी तासिका नव्हती म्हणून मी नानांजवळ स्टूल टाकून बसलो. मग रोजच बसायला लागलो, तीनेक आठवडे. तेव्हा कळलं की मी पोरांना सांगत होतो त्यातलं जवळजवळ काहीच खरं नव्हतं.

नाना बारा तास काम करतच नव्हते. सकाळी आठला यायचे हे खरं, पण पहिला पाऊण तास स्क्रेपर बेडला लावायचे नाहीत. ऑइल स्टोनवर तेलाचे दोन थेंब टाकून धार लावत बसायचे. धार झाली की अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचे. घसरला की पुन्हा दगडावर, रुतला की झालं. मग तासभर काम. मग चहा. मग पुन्हा धार. दुपारी जेवून टोपी तोंडावर घेऊन वर्कशॉपच्या मागच्या आंब्याखाली सव्वा तास झोपायचे. दिवसभरात प्रत्यक्ष खरवडणं पाच तासांच्या वर जायचं नाही. आम्ही सकाळी येताना ते दिसायचे आणि संध्याकाळी जाताना दिसायचे, मधलं आम्ही आमच्या मनाने भरून टाकलं होतं. तुमचे इस्त्रीवाले काका साडेसहा ते आठ उभे असतात असं तुम्ही लिहिलंय. मला शंका आहे. दुपारी दोन ते चार तुम्ही ऑफिसात असता.

मनगटाने तर ते काम करतच नव्हते. स्क्रेपरचा मागचा भाग कमरेला टेकवायचा आणि अंग पुढे झुकवून ढकलायचं. मी हाताने करून पाहिलं, वीस मिनिटांत मनगट भरून आलं. नाना म्हणाले, ‘सर, हात फकस्त दिशा दाखवायला. जोर कमरंचा. हाताचा जोर लावला असता तर चाळिशीतच घरी बसलो असतो.’ त्यांचा उत्साह टिकला होता कारण त्यांचं शरीर टिकलं होतं, आणि शरीर टिकलं होतं ते अशा बारीकसारीक सोयींमुळे.

पण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती खडूची खूण. स्क्रेपिंगचा एक नियम असा की प्रत्येक फेऱ्याला दिशा बदलायची, आधीचे ओरखडे एका बाजूला तिरके असतील तर पुढचे त्यांना छेद देणारे. एकाच दिशेने खरवडत राहिलं तर पृष्ठभागावर लाटा पडतात. संध्याकाळी पाचला नाना हत्यारं पुसायचे आणि बेडच्या बाजूला खडूने एक बाण काढायचे. उद्याचा पहिला फेरा कुठून आणि कोणत्या दिशेने, तेवढंच. सकाळी आले की ते उत्साह आहे की नाही, मन लागतंय की नाही हे बघत बसायचे नाहीत. बाण बघायचे आणि धार लावायला बसायचे. रात्री झोप झाली नसेल, सुनेशी वाजलं असेल, पाऊस असेल, बाण तिथेच असायचा.

मी विचारलं होतं, ‘नाना, कंटाळा येत नाही?’ ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू लेथला कंटाळा येतो का असं विचारलंय. ‘येतो की. आला की थांबतो. कंटाळलेल्या डोळ्याला सगळीकडं निळंच दिसतं.’

फळीची गोष्ट राहिली.

त्याच बॅचमध्ये गगनबावड्याकडचा एक पोरगा होता. बारीक चणीचा, बुटका, कष्टाळू. ठोकळा सपाट व्हायचाच नाही. मध्ये पोट यायचं आणि कडा पडायच्या. गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून उजेडाकडे धरला की दोन्ही टोकांना फट. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना तिचा दाब काढायचा असतो. पुढे जाताना दोन्ही हातांचा दाब सारखा राहायला पाहिजे, नाहीतर ती झोपाळ्यासारखी हलते. हे सगळं मी त्याला वीस वेळा सांगितलं होतं. मग नानांचं उदाहरण देऊन झालं, ओरडून झालं. तो डबल वेळ थांबायला लागला, हाताला फोड आले, ठोकळा तसाच.

नाना चहाला जाताना त्याच्या बाकाजवळ थांबले. काही बोलले नाहीत. भंगारातून पॅकिंगची एक लाकडी फळी शोधून आणली, दोन इंच जाडीची, आणि त्याच्या पायाखाली सरकवली. व्हाइसचे, म्हणजे ठोकळा घट्ट धरणाऱ्या शिकंज्याचे, जबडे कोपराच्या उंचीला असावे लागतात हे मीच दरवर्षी फळ्यावर लिहायचो. आमचे बाक सगळे एका मापाचे, आणि हा पोरगा चार इंच बुटका. कोपर वर, खांदा आखडलेला, कानस सपाट चालणार कशी? नाना स्वतः बुटके, त्यांच्या पिशवीबरोबर त्यांची स्वतःची एक फळी असायची लेथजवळ उभं राहायला, हे मी तीन आठवडे बघत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं. दहा-बारा दिवसांत त्याचा ठोकळा गुण्याला लागला. फळीबरोबर बाकी सरावही होताच, पण आधीच्या सरावाने ते झालं नव्हतं.

तर इथपर्यंतचं सांगायचं म्हणजे एवढंच: म्हाताऱ्या माणसाच्या चिकाटीकडे आपण लांबून बघतो तेव्हा आपल्याला त्याची जिद्द दिसते, आणि ती उचलून आणता येत नाही. जवळ बसलं की त्याची धार, त्याची झोप, त्याचा बाण, त्याची फळी दिसते. या गोष्टी उचलून आणता येतात.

माझी चूकही सांगून टाकतो. नानांचं बघून मी पहिल्यांदा उचलला तो त्यांचा बाण नव्हेच, त्यांचा ‘म्हातारपणीही न थांबणारा’ अवतार उचलला. वर्कशॉप सुटल्यावर संध्याकाळी सात ते दहा एका कारखान्यात जादा काम धरलं. वय 38. दोन वर्षांत मान गेली, बोटांना मुंग्या यायच्या, आणि घरात बायकोशी बोलणं जेवताना चार वाक्यं. नानांना हे कळलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, ‘दुपारी झोपता का?’ दुसरं काहीच नाही.

आणि सत्काराची गोष्ट. नानांचं काम पूर्ण झालं, लेथचा टेपर गेला. पुढे पाच-सहा वर्षांनी एका कारखान्याने कामगार दिनाला त्यांचा सत्कार ठेवला, तिथेही त्यांनी मशिन्स दुरुस्त केल्या होत्या. नाव घेत नाही. शाल, श्रीफळ, फेटा, मालकांचं भाषण: ‘नाना म्हणजे आमच्या तरुणांचं प्रेरणास्थान.’ मीही दोन शब्द बोललो. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना स्कूटरवर घरी सोडलं. उतरताना शाल घडी करत म्हणाले, ‘शाल झ्याक आहे. पण मागच्या दोन मशिनचं बिल तेवढं सांगा की त्यांना. आठ महिनं झालं.’ मी दोनदा गेलो त्या ऑफिसात. अर्धे पैसे मिळाले. त्यानंतर मी कोणालाही प्रेरणास्थान म्हणत नाही.

आता मोठ्या माणसांबद्दल थोडं, कारण तुम्ही विचारलंय की एखादं थोर चरित्र वाचू का. वाचा, पण वाचताना तेच करा, जवळ बसा. महर्षी कर्व्यांचं उदाहरण सगळे देतात: जन्म 1858, भारतरत्न 1958, शंभराव्या वर्षी. हे वाचून आपण ‘बापरे’ म्हणतो आणि पुस्तक मिटतो. मला त्यातलं 1936 साल आवडतं. वय 78. मागे 1896 चा अनाथ बालिकाश्रम आहे, 1916 चं महिला विद्यापीठ आहे. माणूस आरामखुर्चीत बसला असता तरी कोणी बोललं नसतं. आणि ते काढतात काय, तर ग्राम प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ, जिथे शाळाच नाही अशा खेड्यांत प्राथमिक शाळा. विद्यापीठ काढलेल्या माणसाला त्या वयात कामाचा इतका लहान तुकडा हातात घ्यायला काही वाटलं नाही. मी तरी त्यातून हे घेतलं की वय झालं की काम सोडायचं नाही, पण तुकड्याचं माप बदलायचं. निवृत्तीनंतर मी मोठी अकादमी वगैरे काढायच्या विचारात होतो, ते सोडलं. घराच्या पडवीत दोन व्हाइस लावलेत, आठवड्याला तीन सकाळी चार पोरं येतात. बास.

आता तुमच्या काकांकडे येऊ.

मला इस्त्रीतलं काही कळत नाही. तरी कोळशाची इस्त्री उचलून पाहिली आहे, पाच-सहा किलोची असते, आणि ती दिवसभर हाताच्या जोरावर दाबत बसला तर कोणीही आठवड्यात आडवा होईल. म्हणजे काका ती दाबत नसणार, तिचं वजनच काम करत असणार आणि ते फक्त फिरवत असणार. कोळसा रसरशीत असताना सुती आणि जाड, राख धरायला लागली की टेरिकॉट, असा काहीतरी क्रम असणार. कपड्यांचे गठ्ठे आल्या क्रमाने घेत असतील असं मला वाटत नाही. टेबलाची उंची बघा. पायाखाली काय आहे बघा, गोणपाट, पुठ्ठा, काहीतरी असेल. पाणी शिंपडायची बाटली कोणत्या हाताला आहे. हे सगळं मी अंदाजाने लिहितोय, चुकीचं असेल तर उत्तमच, म्हणजे तुम्ही जाऊन बघितलंत.

एका शनिवारी अर्धा तास काढा. कपडे घेऊन जा, म्हणजे उगाच उभं राहिल्यासारखं होणार नाही. गर्दीच्या वेळी, सकाळी आठ-नऊला नको, तेव्हा तो माणूस धंद्यात असतो. आणि ‘काका, तुम्हाला एवढी प्रेरणा कुठून मिळते?’ असलं काही कृपा करून विचारू नका. त्याला उत्तर नसतं, आणि समोरचा मोठा माणूस आपल्याला बरं वाटावं म्हणून काहीतरी गोड बोलतो. ज्याचं उत्तर हाताने दाखवता येईल असं विचारा. कोळसा कितीदा भरता? साडीची घडी एकट्याने कशी घालता? पावसाळ्यात कसं करता? रात्री जाताना काय आवरून ठेवता? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. बहुतेक जुन्या कारागिरांचा दुसरा दिवस आदल्या संध्याकाळी सुरू झालेला असतो.

जे दिसेल त्यातलं एकच उचला. दोन नको. आणि ते आपल्या कामात बसवताना जसंच्या तसं नेऊ नका, त्यामागचं कारण न्या. तुम्ही संगणकावर काम करता, खडूचा बाण काढायला बेड नाही. माझा पुतण्या तुमच्याच धंद्यात आहे, त्याने हे असं केलं: लॅपटॉप मिटायच्या आधी वहीच्या पानावर एक ओळ, उद्या कोणती फाइल उघडायची आणि त्यात पहिलं काय करायचं. ‘रिपोर्ट पूर्ण करणे’ असं लिहिलं तर तो बाण होत नाही, ते फर्मान होतं. ‘तिसऱ्या तक्त्यातली मार्चची बेरीज तपासणे’ असं पाहिजे. तो म्हणतो सकाळचा चहा घेऊन मेल चाळण्यात जाणारा तास वाचला. पहिले आठ-दहा दिवस त्याने लिहिलं, मग चार दिवस विसरला, मग बायकोने वही लॅपटॉपच्या बॅगेतच ठेवायला सुरुवात केली. फळी पायाखाली दुसऱ्याने सरकवली तरी चालते.

तुमच्या कामात आणि काकांच्या कामात एक फरक आहे, तो मान्य करायला हवा. त्यांना संध्याकाळी गठ्ठा दिसतो. वीस शर्ट घेतले, वीस झाले, माणसं घेऊन गेली. नानांना ठिपके मोजता यायचे. तुमचा दिवस अनेकदा असा जातो की संध्याकाळी हातात दाखवायला काही नसतं, चार मीटिंगा आणि एक अर्धवट काम. अशा दिवशी कितीही उत्साह आणला तरी तो झिरपून जातो, कारण त्याला थांबायला भांडं नाही. त्यावर माझ्याकडे पक्का तोडगा नाही. दिवसाचं काहीतरी मोजता येईल असं स्वतःपुरतं शोधावं लागतं. पुतण्या म्हणतो तो संध्याकाळी ‘आज काय संपलं’ एवढं एक वाक्य लिहितो, आणि काही दिवस ते वाक्य ‘काही नाही’ असं असतं. तुमच्या कामात काय मोजता येईल ते तुम्हालाच ठाऊक.

फोटोचं म्हणाल तर तो काढून टाका. एक तर तो तुम्ही त्यांना विचारून काढलेला दिसत नाही. दुसरं म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर जसं महिनाभराने दिसत नाही तसंच त्याचं होणार, आणि होतंयही. माझ्याकडे नानांचा एकच फोटो आहे, सत्कारातला, फेटा घातलेला. त्यात ते नाना वाटतच नाहीत. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची फळी मात्र पडवीत आहे, नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी कोपर मोजून गरज असेल तर तिच्यावर उभं करतो. गेल्या महिन्यात एक मुलगी आली, तिला दोन इंच पुरेना, म्हणून खाली अजून एक पाट ठोकला.

शनिवारी जाऊन या आणि काय दिसलं ते लिहा, मला इस्त्रीचं खरंच जाणून घ्यायचंय. आणि महिन्याच्या हिशेबाने कपडे देत असाल तर मागचं काही राहिलंय का ते आधी बघा.